उलटं धरलेलं पान

छापायच्या पानातले दोष शोधायचे असतील तर पान उलटं धरावं. मथळा खाली, पानाचा क्रमांक वर. मग हातभर अंतरावरून, डोळे अर्धे मिटून बघावं. अक्षरं वाचता येत नाहीत, आणि वाचता येत नाहीत म्हणूनच पान दिसायला लागतं. मजकुरातून एखादी पांढरी वाट पाच-सात ओळी खाली उतरत गेलेली दिसते. एखाद्या ओळीतले शब्द भांडण झाल्यासारखे लांब लांब बसलेले दिसतात. त्याच्या खालच्याच ओळीत इतकी दाटी असते की शब्द कुठे संपला ते कळू नये.

मला हे ज्यांनी शिकवलं ते उस्ताद हिंदीभाषक होते. त्या पांढऱ्या वाटेला ते गली म्हणत. "गली निकल आई है, बंद करो." मी मनातल्या मनात तिला पाणंद म्हणायचो. दोन शेतांच्या मधून जाणारी अरुंद वाट म्हणजे पाणंद, हे परवा नातीला समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, "आजोबा, मग गली का नाही म्हणत?" तिचंही बरोबर आहे. ती नोएडात वाढली. तिने शेत पाहिलंय ते एक्स्प्रेसवेवरून.

आता वयाची पंचाहत्तरी ओलांडली. मुलगा सकाळी कामावर जातो, सून दुपारी, नात कॉलेजला जाते, आणि मी खिडकीशी मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन बसतो. गेले सात-आठ महिने एका पुस्तकाची पानं लावतो आहे. हे पुस्तक वीस-बावीस वर्षांपूर्वी मीच एकदा लावलं होतं. दुसरी आवृत्ती पहिल्यासारखी नाही. फरक का पडला हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते लिहू शकणारा माणूस मीच आहे.

आमचा प्रेस करोल बागेतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होता. खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. दिवसभर रेक्झिनचा वास वर यायचा. काम बहुतेक हिंदीतलं. वर्षाकाठी दोन-तीन मराठी पुस्तकं यायची: इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी, कोणाचा कवितासंग्रह. तेवढ्या प्रेसमध्ये मराठी वाचता येणारा मी एकटा. त्यामुळे मजकूर टाइप करायचा मी, पानं लावायचा मी, प्रुफं तपासायचा मी. मालक म्हणायचे, "मराठी का काम है, आप जानो और आपका भगवान जाने." माझ्या हातून गेलेलं पान पुन्हा कोणी वाचत नसे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

पुस्तकात ओळीच्या दोन्ही कडा सरळ हव्या असतात. उरलेली जागा संगणक शब्दांच्या मध्ये वाटून टाकतो. मराठीत शब्द लांब, त्यांना प्रत्यय चिकटलेले, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायची आपल्याला सवय नाही. एखादा लांबलचक शब्द ओळीत मावला नाही की तो सगळाच्या सगळा खाली जातो आणि वर उरलेले पाच शब्द हातपाय पसरून बसतात. शहाणा कारागीर काय करतो? अक्षरांमधलं अंतर केसभर कमी-जास्त करतो, परिच्छेदाची सुरुवातच पुन्हा बसवून बघतो. त्याला वेळ लागतो, आणि तरीही नाहीच जमलं तर लेखकाला विचारतो.

मी एक सोपा रस्ता शोधला होता. मी शब्द बदलायचो.

ओळ सैल असली की "मग" काढून "तदनंतर" घालायचो. घट्ट असली की "आणि"चं "व" करायचो. "खूप"ला "अत्यंत" होता, "म्हणून"ला "सबब" होता. अर्थ तोच, ओळ चोख. लेखकाला कधी कळलं नाही. उलट एक निवृत्त साहेब म्हणाले होते, "छापल्यावर माझी भाषा किती भारदस्त वाटते हो." मला त्याचा अभिमान वाटायचा. उस्ताद माझी पानं उलटी धरून बघायचे आणि म्हणायचे, "एक भी गली नहीं." त्यांना मराठी येत नव्हतं.

सुरुवातीला सांगितलं ते पुस्तक ज्यांचं, त्या मावशी याच काळात आल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागलो, त्या मला मास्तर म्हणू लागल्या. मी शाळेत कधी शिकवलं नाही, पण चष्मा आणि शर्टाच्या खिशातलं लाल पेन त्यांना पुरलं असावं. ऐंशीच्या आसपास वय. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी चाळीसएक वर्षं संसार केला होता आणि त्याच्या आठवणी तीन वह्यांत लिहिल्या होत्या. गच्चीवरचे पापड, पाणी येण्याच्या वेळा, शेजारच्या मद्रासी बाईंकडून शिकलेली इडली, पंजाबी बाईंना शिकवलेली पुरणपोळी, बदली होऊन गेलेली माणसं. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते ते वारले होते. दोन मुलगे नोकरीनिमित्त दूर. सोबत धाकटी मुलगी होती, तीही सरकारी कचेरीत. ती मावशींना रिक्षातून घेऊन यायची, हात धरून जिना चढवायची आणि खुर्चीत बसवून घड्याळाकडे बघायची, कारण तिला ऑफिसला परत जायचं असायचं. मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेही फारसं साधलं नव्हतं.

"प्रुफं मी काय वाचणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही मराठी माणूस आहात, तुम्हीच बघा. आपल्या माणसाच्या हातात दिलं म्हणजे झालं."

पानं सगळी लागली. अनुक्रमणिका झाली, पानांचे क्रमांक पडले. दुसऱ्या दिवशी पारदर्शक कागदावर ट्रेसिंग काढून छपाईला जायचं होतं. त्या दुपारी मावशी एकट्या आल्या. मुलगी बरोबर नव्हती. दोन मजले त्या कशा चढल्या ते मला ठाऊक नाही. मी पाहिलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि धापा टाकत होत्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. वहीचं पान, मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ओळी वर-खाली गेलेल्या.

"मास्तर, 'क्वार्टर' नावाचं प्रकरण आहे ना, त्याच्या शेवटी एवढं घाला."

"मावशी, पानं लागली आहेत."

"थोडंच आहे. आणि धाकटीला आधी दाखवू नका. विचारलं तरी नको. पुस्तकातच दिसू दे तिला."

मी बरं म्हटलं. त्यांना पाणी दिलं, खाली जाऊन रिक्षा करून दिली. वर आलो आणि कागद टाइप केला. टाइप केला म्हणजे वाचला, असं आमच्या धंद्यात नसतं. डोळे अक्षरं उचलतात, बोटं ती खाली ठेवतात, मधल्या मध्ये माणूस नसतो. पुरवणीचा मजकूर आठ-दहा ओळींचा झाला. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर तेवढी जागा नव्हती. मी वर दोन ठिकाणी शब्द आवळले, एक परिच्छेद घट्ट केला, आणि तरी दोन ओळी पुढच्या पानावर गेल्या.

नव्या पानावर दोनच ओळी आणि खाली सगळं कोरं, याला आमच्यात फूहड, म्हणजे गबाळं, काम म्हणतात. शिवाय ते एक पान वाढलं की पुढची सगळी पानं सरकणार, क्रमांक बदलणार, अनुक्रमणिका बदलणार, आणि सोळा-सोळा पानांचा हिशोब बिघडून शेवटी एका पानासाठी सोळा पानांचा नवा फर्मा लागणार. मी पान उलटं धरलं. उलट्या पानात त्या दोन ओळी चिकटलेल्या कचऱ्यासारख्या दिसत होत्या.

मी मावशींच्या घरी फोन केला. दोन ओळी काढू का, एवढंच विचारायचं होतं. फोन धाकटीने उचलला. ती त्या दिवशी लवकर घरी आली होती. मावशींनी बजावलं होतं, तिला काही कळू देऊ नका. मी म्हटलं, "काही नाही ताई, सहज केला. उद्या छपाईला जातंय म्हणून सांगायला." तिने थँक्यू म्हटलं आणि मी फोन ठेवला.

मग त्या दोन ओळी काढून टाकल्या. पान चोख बसलं.

पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर क्वार्टरच्या गच्चीचं चित्र होतं. मावशींनी पुस्तक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हात फिरवला, वास घेतला, आणि मला पेढ्यांचा पुडा दिला. पुढे दीडेक वर्षाने त्या गेल्याचं मंडळातल्या कोणाकडून तरी कळलं.

त्यानंतर प्रेस दुसरीकडे हलला. खण रिकामे करताना मला तो कागद सापडला. त्या दिवशी जमिनीवर बसून, हातात दुसरं काही काम नसताना, मी तो पहिल्यांदा वाचला. यजमान निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडायची वेळ आली, पण धाकटी नुकतीच सरकारी नोकरीला लागली होती, तिच्या नावावर क्वार्टर झालं आणि घर राहिलं, असा सगळा मजकूर. तो छापला गेला होता. त्याच्या शेवटी ही दोन वाक्यं होती:

"त्यानंतर धाकटीला दोन स्थळं आली, ती मी तिच्यापर्यंत पोचू दिली नाहीत. तोंडाने सांगवलं नाही, म्हणून छापून सांगते."

मी कागद घरी आणला आणि पॉलिसीच्या फायलीत ठेवला. बायकोला सांगितलं नाही. तिलाही जाऊन आता सहा वर्षं झाली. आधी वाटायचं, मावशी नाहीत, आता सांगून त्या मुलीला कशाला दुखवा. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते दयेसारखं वाटायला लागलं. खरं कारण भीती होती. एका बाईने आयुष्यात एकदाच एक गोष्ट बोलायचं धाडस केलं होतं, त्यासाठी ती दोन मजले एकटी चढून आली होती, आणि मी ती गोष्ट जागा नाही म्हणून काढून टाकली होती. हे कोणाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

गेल्या वर्षी धाकटीचा फोन आला. मी तिला धाकटी म्हणतोय, ती आता सत्तरीची आहे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि तिने नोएडातच, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे, छोटा फ्लॅट घेतला होता. वीस वर्षांत आम्ही एकमेकांना भेटलो नव्हतो. मंडळातून तिने माझा नंबर मिळवला.

"मास्तर ना? ओळखलंत का?"

मी ओळखलं. हातातला चहा खाली ठेवला.

जुनी क्वार्टरं पाडून तिथे उंच इमारती होताहेत. त्या कॉलनीत वाढलेली माणसं आता जगभर पसरलीत आणि त्यांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या कोणीतरी मावशींच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो टाकला, आणि सगळे पुस्तक मागायला लागले. तिच्याकडे एकच प्रत उरली होती. "पुन्हा छापायचंय," ती म्हणाली. "अक्षर जरा मोठं करा. वाचणारे सगळे म्हातारे झालेत."

मी नाही म्हणू शकलो असतो. डोळे, पाठ, काहीही सांगता आलं असतं. मी हो म्हटलं.

ती आठवड्यातून दोनदा सकाळी यायला लागली. मी टाइप करून ठेवायचो, ती जुन्या प्रतीवरून मोठ्याने वाचायची आणि मी स्क्रीनवर ताडून बघायचो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती वाचता वाचता थांबली.

"तदनंतर," ती म्हणाली. "आई आणि तदनंतर? ती जन्मभर 'मग' म्हणायची. मग हे, मग ते, मग काय झालं. पुस्तक आलं तेव्हा आम्ही भावंडं हसायचो, की आई छापील झाली."

मी पुढची ओळ शोधायला लागलो.

"मास्तर?"

"'मग' बारीक पडतो ताई. ओळ भरत नाही."

तिने चष्मा काढला. "म्हणजे हे तुम्ही घातलंत?"

"हो."

"आणि 'सबब'?"

"तेही."

"अच्छा. म्हणजे ओळ भरावी म्हणून माझ्या आईचा शास्त्रीबुवा केलात." आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. स्वयंपाकघरातून सूनबाई बघायला आली. "तुझे सासरे मोठे लेखक आहेत बरं का," ती तिला म्हणाली. "दुसऱ्यांच्या पुस्तकात लिहितात."

पुढच्या वेळी ती ट्रंकेतून तिन्ही मूळ वह्या काढून घेऊन आली. आता आम्ही वह्यांवरून चाललो. चाळीसच्या वर ठिकाणं निघाली. प्रत्येक ठिकाणी "मग" परत आला, "खूप" परत आलं, आणि प्रत्येक ठिकाणी ओळ बिघडली. या वेळी मी अक्षरांशी झुंजलो, शब्दांना हात लावला नाही. मी तिला पान उलटं धरायला शिकवलं. तिला ते इतकं आवडलं की ती प्रिंट हातात आल्याबरोबर उलटा करायची. "इथे पाणंद. इथे अजून एक. मास्तर, हा तर हायवे झालाय."

मी ते दिवस मजेत काढत होतो, हे कबूल करतो. सकाळी कोणीतरी येणार म्हणून दाढी करून बसायचं, चहा व्हायचा, ती घरून चिवडा आणायची. आणि त्याच वेळी मी पानं मोजत होतो. 'क्वार्टर' आठवं प्रकरण होतं. सातवं संपलं त्या दिवशी ती म्हणाली, "पुढचं माझं आवडतं. त्यात मी आहे. आख्ख्या पुस्तकात आईने माझ्याबद्दल तेवढंच लिहिलंय." वहीत त्या प्रकरणाचा शेवट नाही, पुस्तकात आहे, याचं तिला नवल वाटत होतं. "शेवट तिने नंतर दिला असणार. कधी दिला कोण जाणे. मला बोलली नाही."

त्या दिवशी ती गेल्यावर मी फाइल काढली. कागद घडीवर विरला होता. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तो टेबलावर ठेवलेला होता. चहा येण्याआधीच मी म्हटलं, "ताई, मला एक सांगायचंय. आधी सगळं ऐका, मग काय बोलायचं ते बोला." आणि सांगितलं. मावशी एकट्या आल्या होत्या तिथपासून, मी फोनवर "सहज केला" म्हणालो आणि शेवटच्या दोन ओळी काढून टाकल्या तिथपर्यंत. मग माफी मागितली आणि तो कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो वाचला. अक्षरावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

"एकाचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं मागाहून. नागपूरचा होता. दुसरा कोण?"

"त्यात लिहिलेलं नाही."

"तेवढं तरी लिहायचं ना." ती हसली नाही, पण तोंडावर हसण्याच्या जवळचं काहीतरी आलं आणि गेलं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे, हे पुस्तक आईला मी वाचून दाखवलं होतं? तिला दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एक प्रकरण. हे वाचलं तेव्हा ती सरसावून बसली. मी शेवटची ओळ वाचली आणि थांबले. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, एवढंच आहे? मी म्हटलं, हो आई, संपलं प्रकरण. मला वाटलं, तिला लहान वाटलं असेल. ती बरं म्हणाली."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"तिला वाटलं, मी ते वाचलं आणि गिळलं. तिच्यासमोर उच्चारायला नको म्हणून. त्यानंतर ती माझ्याकडे काही मागायची नाही हो. पाणीसुद्धा चाचपडत उठून स्वतः घ्यायची. मी ओरडायचे तिच्यावर, आई पडशील, हाक मार ना. दीड वर्ष." तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "मी निघते मास्तर."

चहा घेऊन सूनबाई आली तेव्हा दार लोटलेलं होतं.

तीन आठवडे ती आली नाही. मी फोन केला नाही. मला करायचा अधिकार आहे असं वाटलं नाही. आठवं प्रकरण मी त्या कागदाविना, आठवणीतून लावून ठेवलं. ती दोन वाक्यं मला पाठ होती. नात म्हणाली, "आजोबा, त्या आजी नाराज झाल्या का?" मी म्हटलं, हो, आणि त्यांचं बरोबर आहे. ती म्हणाली, "मग सॉरी बोला ना." मी म्हटलं, बोललो. हे खरं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मला रात्रीची झोप लागत होती, याची लाज वाटत होती, पण लागत होती.

चौथ्या आठवड्यात नेहमीच्या वेळी बेल वाजली. तिच्या हातात चिवड्याचा डबा होता.

"भावांना फोन केला," ती बसता बसता म्हणाली. "थोरल्याला दुसरं स्थळ माहीत होतं. त्याला सगळंच माहीत होतं. आता सांगतो. ग्वाल्हेरचा, बँकेत होता, आणि त्याला भजनाचा नाद होता. रोज पहाटे पेटी काढायचा म्हणे." तिने डबा उघडला. "आईने वाचवलंच म्हणायचं."

"ताई..."

"मी रागावलेय तुमच्यावर. अजून. ते राहील थोडं. तुमच्यावर रागावले, मग आईवर, मग भावावर, मग परत तुमच्यावर. पण एक सांगते. मी इतकी वर्षं समजत होते की तिला काही दिसलंच नाही. त्या घरासाठी मी काय केलं ते तिने बघितलंच नाही, असं. तिने बघितलं होतं. ते कळायला सत्तरी उजाडली, पण कळलं. तुम्ही तो कागद फेकला असता तर कळलं नसतं." मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "दाखवा, कुठवर आलंय."

मी पान दाखवलं. मोठ्या अक्षरात पानांची गणितं सगळी बदलली होती, आणि तरी योगायोग असा की प्रकरणाच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा नव्या पानावर गेल्या होत्या. त्यातली पहिली ओळ वाईट सैल होती. "पोचू" आणि "दिली" यांच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा.

"हे बसवता येईल," मी म्हटलं. "वरचा परिच्छेद जरा आवळला तर दोन्ही ओळी मागे येतील. शब्दांना हात न लावता. मी करून बघतो."

"नको."

"वाईट दिसतं ताई. आख्खं पान कोरं जातं."

"जाऊ दे. तिला हव्या होत्या ना या दोन ओळी? बसू देत ऐसपैस." आणि मी माउसकडे हात नेला तेव्हा म्हणाली, "मास्तर, हात मागे."

मी हात मागे घेतला.

त्या पानाचा प्रिंट काढला. सवयीने उलटा धरला. उलट्या पानात ते जसं दिसायला नको तसंच दिसत होतं. ती म्हणाली, "आता सरळ करा आणि वाचा. मोठ्याने. प्रकरण पहिल्यापासून वाचा, मी ऐकते." ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि चष्मा काढून तिने डोळे मिटले.

मी वाचलं. क्वार्टर कसं मिळालं, पहिल्या दिवशी नळाला पाणी कसं नव्हतं, यजमानांच्या निवृत्तीचा दिवस, धाकटीच्या नावाचा कागद आला ती दुपार. मग पान उलटून त्या दोन ओळी. सगळे शब्द वाचले.

"एवढंच?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली. तिने डोळे पुसून चष्मा चढवला आणि पुढच्या प्रकरणाची पानं ओढून घेतली. त्यात गच्चीवरच्या पापडांची हकीकत आहे. तिने पहिलंच पान उलटं धरलं, हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही घ्या, पाणंद."